नोकरीतल्या भेदभावाचा खटला : कंपनीच्या टेबलावरून

उलटतपास

लेऑफच्या धाग्यावर गेल्या आठवड्यात दोघातिघांनी विचारलं, "तुम्ही कंपन्यांच्या बाजूने उभ्या राहता, रात्री झोप लागते का?" लागते. पण एवढंच उत्तर देऊन पळणं बरं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

अमेरिकेत गेली १८ वर्षं माझं काम हेच आहे. कर्मचाऱ्याने वंश, लिंग, वय, धर्म, अपंगत्व यांवरून भेदभाव झाल्याचा दावा लावला की कंपनीचं वकीलपत्र घ्यायचं. अशिलांची नावं येणार नाहीत आणि प्रसंग ओळखू येणार नाहीत इतपत बदललेत. हा कायदेशीर सल्ला नाही, हेही एकदा लिहून टाकते.

यातले फार थोडे दावे ज्यूरीपर्यंत पोचतात. बरेच आधी मिटतात, काही दावे न्यायाधीश कागद वाचूनच, ज्यूरीशिवाय, निकाली काढतात (त्याला समरी जजमेंट म्हणतात). उरतात ती प्रकरणं, जिथे खरं कोण बोलतंय ते नुसत्या कागदावरून कळत नाही. म्हणजे आमच्या वाट्याला ट्रायल येते तीच मुळी संशयाचा धूर असलेली.

लॉ स्कूलमध्ये आम्ही १९७३ चा मॅकडॉनल डग्लसचा निकाल घोकला होता. सेंट लुईसमधल्या पर्सी ग्रीन नावाच्या मेकॅनिकने या विमान बनवणाऱ्या कंपनीवर लावलेला खटला. त्यातून तीन पायऱ्या आल्या. वादीने भेदभावाचं प्राथमिक चित्र उभं करायचं. मग कंपनीने आपलं वैध कारण सांगायचं. ते सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर नसतं, हे १९८१ मध्ये स्पष्ट झालं. मग ते कारण बनाव आहे हे वादीने दाखवायचं. ऐकायला छान. प्रत्यक्षात या पायऱ्या न्यायाधीशांसाठी. बहुतेक कोर्टांत त्या ज्यूरीला सांगतही नाहीत. ज्यूरीला एकच प्रश्न असतो : या माणसाची नोकरी त्या कारणामुळे गेली का?

आणि ज्यूरी खोलीत गेल्यावर तो प्रश्न बाजूला ठेवून भलताच प्रश्न सोडवत बसते : या माणसाशी नीट वागले का?

कायदा म्हणतो, मालक मूर्ख कारणाने, चुकीच्या कारणाने, अगदी विनाकारणही काढू शकतो. फक्त बेकायदा कारणाने नाही. पण "आम्ही अन्याय केला असेल, पण तो कायद्यात बसणारा अन्याय आहे" असं आठ माणसांसमोर म्हणून बघा. त्यांतल्या दोघांना तरी कुणीतरी कधीतरी नोकरीवरून काढलेलं असतं. म्हणून आम्हाला जे सिद्ध करायची गरज नाही तेच सिद्ध करावं लागतं : माणसाला इशारा दिला होता, संधी दिली होती, त्याचं ऐकून घेतलं होतं. १८ वर्षांत मला कळलेलं गुपित असेल तर एवढंच.

आता कंपनी हरते कुठे? माझ्या अनुभवात दोन जागी.

पहिली, भीड. मॅनेजरला तोंडावर वाईट सांगवत नाही. सलग चार वर्षं "अपेक्षेपेक्षा सरस" असा शेरा मारतो आणि पाचव्या वर्षी खराब कामासाठी काढतो. काम खरंच खराब असतं, सगळ्या टीमला माहीत असतं. पण वादीचा वकील ते चार कागद पडद्यावर मोठे करून लावतो आणि मॅनेजरला शांतपणे विचारतो, "ही सही आपलीच ना?" भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. आता मॅनेजरने म्हणायचं काय? तेव्हा खोटं लिहिलं, की आता खोटं बोलतोय?

दुसरी जागा, बदलती कारणं. काढताना पत्रात "पुनर्रचना". नंतर ईईओसीला (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) पाठवलेल्या उत्तरात "कामगिरी". डिपॉझिशनमध्ये, म्हणजे ट्रायलआधी शपथेवर घेतलेल्या जबानीत, मॅनेजर म्हणतो, "ॲटिट्यूड". तिन्ही थोडीथोडी खरी असतात. ज्यूरीला मात्र एकच गोष्ट दिसते, की यांचं यांनाच माहीत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये म्हटलं की कंपनीचं कारण खोटं ठरलं म्हणून वादी आपोआप जिंकत नाही. २००० मध्ये रीव्हजच्या खटल्यात म्हटलं की प्राथमिक चित्र उभं असेल आणि कारणावर ज्यूरीचा विश्वास बसला नाही, तर तेवढ्यावरून ती भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. माझं सगळं आयुष्य या दोन निकालांच्या मधल्या चिंचोळ्या गल्लीत गेलंय.

म्हणून प्रकरण आलं की मी आधी कायदा उघडत नाही. सगळे कागद तारखेने टेबलावर मांडते आणि कारण पहिल्या दिवसापासून एकच आहे का ते बघते. एकच असेल तर लढायचं. नसेल तर अशिलाला सांगायचं की तडजोडीचा आकडा काढा. हे सांगण्याची फी मिळते, पण प्रेम मिळत नाही.

विचारा काय ते.

पाटीवरचा_खडू

उत्तम धागा. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटीच्या पुढे गाडी जात नाही, त्यामुळे भाबडा प्रश्न : हे ज्यूरीवाले निवडतं कोण? तुम्ही तुम्हाला हवे ते घेता?

उलटतपास

घेता येत नाहीत, काही गाळता येतात. फेडरल दिवाणी खटल्यात किमान ६, जास्तीत जास्त १२ जण बसतात आणि दोन्ही पक्षांनी वेगळं मान्य केलं नसेल तर निकाल एकमतानेच लागतो. कारण न देता गाळायचे हक्क प्रत्येक बाजूला तीन. ते वंशावरून वापरता येत नाहीत, दिवाणी खटल्यातसुद्धा. हे १९९१ मध्ये ठरलं. राज्यांच्या कोर्टांचं वेगळं : कॅलिफोर्नियात १२ पैकी ९ पुरतात.

मी कुणाला शोधते? लोकांना वाटतं मॅनेजर, धंदेवाले. मी घाबरते त्यांनाच. ज्याने स्वतः वीस माणसं सांभाळलीत तो म्हणतो, "मी असं कधीच केलं नसतं," आणि खोलीत सगळ्यांचा गुरू होऊन बसतो. मला आवडतो तो यादी करणारा माणूस. हिशोबनीस, प्रयोगशाळेतला, वेळापत्रक लावणारा. तारखा वाचणारा.

दोन_वेण्या

मी बसलेय ज्यूरीवर, बे एरियात, राज्याच्या कोर्टात. खटला संपलाय म्हणून लिहिते. वयाच्या भेदभावाचा होता. आम्हा बाराजणांना सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे कंपनीच्या टेबलाशी वकिलांशेजारी रोज वेगळा माणूस बसायचा. ज्या बाईंनी त्या गृहस्थांना काढलं त्या फक्त साक्षीपुरत्या आल्या आणि गेल्या. आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "यांना इथे बसावंसंही वाटत नाही, आणि आपण मात्र तीन आठवडे डबा घेऊन येतोय."

अजून एक. कंपनीचे वकील सारखे ऑब्जेक्शन म्हणून उठायचे. कायद्याने बरोबर असेल, पण आम्हाला वाटायचं की काहीतरी लपवताहेत.

उलटतपास

@दोन_वेण्या, ही पोस्ट छापून ऑफिसात लावणार आहे.

साक्षीदारांना एरवी कोर्टाबाहेर बसवतात, एकाने दुसऱ्याची साक्ष ऐकू नये म्हणून. पण कंपनीला आपला एक प्रतिनिधी पूर्ण वेळ आत बसवता येतो. ती खुर्ची सोन्याची. कंपनीला चेहरा नसतो, त्या खुर्चीत बसेल तोच चेहरा. शक्य असेल तर मी ज्याने निर्णय घेतला त्यालाच तिथे बसवते, आणि पहिल्या दिवसापासून. ज्यूरीने त्याला जेवणाच्या सुट्टीत लिफ्टची वाट बघताना पाहावं, वादी बोलत असताना तो फोनकडे न बघता ऐकतोय हे पाहावं. काही मॅनेजर मान हलवतात, हसतात, डोळे फिरवतात. अशांना एचआरच्या शांत बाईंनी बदलावं लागतं.

गुळाची_ढेप

मी साक्ष दिलीय, मॅनेजर म्हणून, कंपनीच्या बाजूने. सात तास डिपॉझिशन. आपल्या लोकांसाठी सांगतो, समोरचा प्रश्न विचारत असताना मी सवयीने "येस, येस" म्हणत होतो. म्हणजे आपलं "हं, हं". ऐकतोय, पुढे बोला. ट्रान्स्क्रिप्ट हातात आलं तेव्हा पाहिलं, "तिला टीममधून बाहेर काढायचं तुम्ही आधीच ठरवलं होतं" याच्यापुढे माझं "येस" छापलेलं! पुढच्या ओळीत मी "नाही, असं नाही" म्हणालोय, पण ट्रायलला त्यांनी पहिली ओळच वाचून दाखवली.

आणि मान हलवू नका. आपली ती आडवी-उभी मान तिथे कुणालाच कळत नाही. स्टेनो थांबून विचारते, "हो की नाही?"

उलटतपास

😀 हे "येस येस" मी डोळ्यांनी पाहिलंय, वेगळ्या खटल्यात. डिपॉझिशनची दुरुस्ती-यादी देता येते, पण मूळ उत्तर पुसलं जात नाही, तेही ज्यूरीपुढे येऊ शकतं.

आपल्या साक्षीदारांची दुसरी खोड म्हणजे समजावून सांगणं. "त्या दिवशी मीटिंगला होता का?" याचं उत्तर "होतो" एवढंच. आपला माणूस मीटिंग का ठेवली, आधी कोणती झाली होती, तिथे प्रोजेक्टर का चालला नाही इथून सुरू करतो. तयारीत मी त्यांना खोटं शिकवत नाही. थांबायला शिकवते. प्रश्न पूर्ण ऐका, श्वास घ्या, विचारलं तेवढं बोला. आणि चूक झाली असेल तर पहिल्या प्रश्नातच कबूल करा. "हो, तो ईमेल मी लिहायला नको होता." या एका वाक्याने वादीच्या वकिलाची अर्ध्या तासाची तयारी वाया गेलेली मी पाहिली आहे.

वनवासी

सगळं वाचलं. चांगलं लिहिता, पण ताई, हे एकतर्फी आहे. माझ्या बहिणीने गरोदरपणात असाच दावा केला. तिच्याकडे एक वकील, कंपनीकडे पाच. तिचे डॉक्टरचे कागद मागवले, समुपदेशकाच्या नोंदी मागवल्या, फेसबुकवरचे फोटो दाखवून "दुःखी होतात तर सहलीला कशा गेलात?" विचारलं. तिने शेवटी कंटाळून मिटवलं. भेदभाव झाला होता की नाही हे कुणी कधी ठरवलंच नाही. तुम्ही म्हणता "नीट वागले का" हा ज्यूरीचा प्रश्न. मग तो तुम्ही स्वतःला विचारता का?

उलटतपास

@वनवासी, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. आणि तुमचा राग रास्त आहे.

सहलीचे फोटो दाखवणं मला मूर्खपणा वाटतो, नीतीने आणि डावपेच म्हणूनही. वादीची उलटतपासणी हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. समोर नोकरी गेलेला माणूस बसलाय. बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर तसं वाटलेलं असतं. त्याच्यावर ओरडलं की ज्यूरीला त्याचा बॉस डोळ्यांपुढे उभा राहतो. मी वीस मिनिटांत आटपते. दहा-बारा तारखा, दोन-तीन कागद, आणि "आपल्याला हा ईमेल मिळाला होता, बरोबर?" एवढंच. तुम्ही दुःखी नव्हता, हे मी कधीच म्हणत नाही.

मनाच्या त्रासाची भरपाई मागितली की उपचाराचे कागद उघडावे लागतात, हे खरं आहे. तरी त्यातले किती मागायचे हा वकिलाच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि सगळ्यांकडे तो सारखा नसतो.

एक गोष्ट मात्र वादीच्या बाजूची आहे. वादी जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची. कंपनी जिंकली तर तिला फी मिळते ती फक्त दावा निरर्थक किंवा बिनबुडाचा असेल तरच (१९७८ चा ख्रिश्चनबर्ग गारमेंटचा निकाल). बहिणीचा वकील टिकून राहू शकला तो या नियमामुळे.

आणि हो, विचारते. लढा म्हणणाऱ्या अशिलाला मिटवा म्हणून सांगण्यात माझं अर्धं वर्ष जातं.

कुंकवाचा_करंडा

एचआरमध्ये पंधरा वर्षं. भेदभावापेक्षा सूडाचा दावा (तक्रार केली म्हणून त्रास दिला, असा) घातक, याबद्दल लिहा ना. आमच्याकडे घडलेलं सांगते. तक्रार आली, चौकशी केली, काही सापडलं नाही. खरंच नव्हतं. पण मॅनेजर दुखावला. त्याने तिला काढलं नाही, ओरडला नाही. फक्त सोमवारच्या मीटिंगच्या निमंत्रणातून तिचं नाव गेलं. मग एक क्लायंट गेला. मग रिव्ह्यू एक पायरी खाली. मी म्हणत होते, हे करू नका. तो म्हणाला, "मग काय तिला मखरात बसवू?"

उलटतपास

मखरात बसवायचं नाही, होतं तिथेच ठेवायचं. हेच तर जमत नाही. खोट्या आरोपाने दुखावलेल्या माणसाला तसंच हसून वागायला सांगणं हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि कायदा नेमकं तेच मागतो.

२००६ चा बर्लिंग्टन नॉर्दर्नचा निकाल : ज्या कृत्यामुळे सामान्य समजूतदार कर्मचारी तक्रार करायला कचरेल, ते सूडाचं कृत्य ठरू शकतं. नोकरीच जायला हवी असं नाही. मूळ तक्रार खरी ठरायला हवी असंही नाही, ती प्रामाणिक आणि वाजवी समजुतीने केलेली असली की पुरे. २०१३ मध्ये कोर्टाने थोडं आमच्या बाजूने झुकवलं : तक्रार केली नसती तर हे घडलंच नसतं, एवढं वादीला दाखवावं लागतं. पण ज्यूरीला भेदभाव मनात शिरून बघावा लागतो. सूड कॅलेंडरवर दिसतो.

तुमच्या गोष्टीत समजा नंतर वरच्या साहेबांनी, ज्यांना काहीच माहीत नाही, त्या रिव्ह्यूच्या भरवशावर तिला काढलं असतं, तरी कंपनी सुटली नसती. २०११ चा स्टॉबचा निकाल. खालच्याने वरच्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली तरी गोळी कंपनीचीच.

पाटीवरचा_खडू

आणि पैसे? बातम्यांत कोटींचे आकडे येतात.

उलटतपास

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली आधी ज्यूरीही नव्हती आणि मनस्तापाची भरपाईही. १९९१ च्या दुरुस्तीने दोन्ही आणलं, सोबत मर्यादाही. मनस्ताप आणि दंडात्मक भरपाई मिळून १५ ते १०० कर्मचाऱ्यांच्या कंपनीला ५०,००० डॉलर, २०० पर्यंत १ लाख, ५०० पर्यंत २ लाख, त्यावर ३ लाख. बुडालेला पगार वेगळा. गंमत म्हणजे ही मर्यादा ज्यूरीला सांगायची नाही असं कायद्यातच लिहिलंय. ती बिचारी लाखो डॉलर लिहिते आणि न्यायाधीश नंतर कात्री लावतात. वंशभेदाचा दावा १८६६ च्या जुन्या कायद्याखालीही लावता येतो, तिथे कात्रीच नाही. टेस्लाच्या कारखान्यातल्या ओवेन डियाझ यांचा खटला तसा होता. २०२१ मध्ये ज्यूरीने जवळपास १३ कोटी ७० लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी १.५ कोटी केले, ते त्यांनी नाकारले, २०२३ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने सुमारे ३२ लाख दिले. तोच माणूस, तोच कारखाना.

आमच्यातला जुना वाद : वादीने मोठा आकडा मागितला तर आपण आपला आकडा सांगायचा का? सांगितला तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं. नाही सांगितला तर खोलीत एकच आकडा असतो, त्यांचा. मी हल्ली सांगते. आधी नव्हते सांगत, आणि त्याची किंमत एकदा अशिलाने मोजली.

सह्यकडा

आयटीवाल्यांचं काय? टीसीएस आणि कॉग्निझंटवर "भारतीयांनाच घेतात" म्हणून खटले झाले होते ना?

उलटतपास

झाले. आणि निकाल उलटसुलट लागले. २०१८ मध्ये ओकलंडच्या फेडरल ज्यूरीने टीसीएसच्या बाजूने कौल दिला. कॉग्निझंटच्या खटल्यात पहिल्या ट्रायलला ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने कंपनीच्या विरुद्ध कौल दिला. दोन्हीकडे मी नव्हते, त्यामुळे आतलं सांगू शकत नाही. पण आकडेवारीच्या खटल्यांत संख्याशास्त्रज्ञ एकमेकांना खोडतात, ज्यूरी दोघांकडे सारखीच कोरी बघते, आणि मग पुन्हा एखादा साधा ईमेल जड होतो.

आपल्या मॅनेजरांना एकच सांगणं : "कल्चर फिट" हा शब्द मुलाखतीच्या नोंदीत लिहू नका. पुढे तो तुम्हालाच उलगडून सांगावा लागेल, शपथेवर. आणि मराठीत लिहिलं म्हणून चॅट सुटत नाही. दुभाषी मिळतात.

गुळाची_ढेप

चॅट डिलीट केलं तर? (मित्रासाठी विचारतोय.)

उलटतपास

मित्राला सांगा, हात लावू नको. दाव्याची चाहूल लागली की पुसणं बंद, जे आहे ते जपायचं. यूबीएस बँकेतल्या लॉरा झुबुलेक यांच्या खटल्यात कंपनीकडून ईमेल गहाळ झाले. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, गहाळ झालेलं कंपनीच्या विरुद्ध होतं असं तुम्ही धरू शकता. २००५ मध्ये ज्यूरीने २.९ कोटी डॉलरच्या वर दिले. पुसलेल्या ईमेलमध्ये ज्यूरी जे वाचते ते मूळ ईमेलपेक्षा नेहमीच वाईट असतं.

दोन_वेण्या

शेवटचा प्रश्न. आम्ही आत बसून भांडत असतो तेव्हा तुम्ही बाहेर काय करता?

उलटतपास

काही नाही. तेच सगळ्यात अवघड.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेडरल कोर्ट, आठ जणांची ज्यूरी, भेदभाव आणि सूड असे दोन्ही दावे. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्यूरीची चिठ्ठी आली : कॅल्क्युलेटर मिळेल का? वकिलांच्या जगात या चिठ्ठीचा अर्थ एकच, ते पैसे मोजताहेत. वादीच्या वकिलाचा चेहरा उजळला. माझ्या शेजारच्या एचआर संचालिका म्हणाल्या, "हे चांगलं का?" मी म्हटलं, चला, बाहेर जाऊ. कॉरिडॉरमध्ये चाळीस मिनिटांत आम्ही मिटवलं. सकाळी जो आकडा मी हसून नाकारला असता, तोच दिला.

ज्यूरीला सोडल्यावर त्यांच्यातल्या एक बाई बोलायला थांबल्या. मी विचारलं, किती देणार होतात? त्या म्हणाल्या, "पैशांपर्यंत आलोच नव्हतो. तक्रार केली त्या दिवसापासून काढलं त्या दिवसापर्यंत किती दिवस झाले, ते मोजत होतो. दोघांचं उत्तर वेगळं येत होतं."

गुळाची_ढेप

किती होते?

उलटतपास

एकोणीस.

कुंकवाचा_करंडा

मग मिटवलंत ते बरं केलंत.